सहा खणांचा पलंग

खोली पाहायला आलेल्या माणसाला घरमालक सहसा खोली दाखवतो. फार तर मोरी, विहीर आणि भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत हा नियम. आमच्या घरमालकांनी मला नदी दाखवली. मार्च महिन्यातलं ऊन, हातात ट्रंक, नवी नोकरी, चावणारी नवी चप्पल. आणि हा उंच, काळाभोर, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेला माणूस मला वैनगंगेच्या काठावर उभा करून विचारतो,

"काहो मास्तर, पोहता येते का तुमाले?"

"नाही."

"बिलकुल नाई?"

"बिलकुल नाही," मी म्हणालो. खोली गेली, आता शाळेच्या व्हरांड्यात झोपायचं, हे मनाशी पक्कं केलं.

"मंग ठीक आहे. खोली तुमची. पोहनारा मानूस नट ढिला सोडते."

हे वाक्य मला कळायला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांची गोष्ट मी आजवर शंभर ठिकाणी सांगितली आहे: लग्नांत, शिक्षकांच्या प्रशिक्षणांत, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावलेल्या अवस्थेत. लोक हसतात. मीही हसवतो, तो माझा धंदाच आहे म्हणा ना. पण गोष्टीचा शेवट मी कधी सांगत नाही. आज सांगून टाकतो.

आमचं गाव नदीच्या त्या बाजूला होतं आणि रस्ता, दवाखाना, बाजार, एसटी असं सगळं ह्या बाजूला. उन्हाळ्यात रेतीतून चालत जाता येई. पावसाळ्यात चार महिने मध्ये फक्त पाणी. त्या पाण्यावर जी एकच वस्तू चाले ती आमच्या घरमालकांची, म्हणजे भाऊंची. तिला गावात बोट कोणी म्हणत नसे. पलंग म्हणत. दिसायलाही पलंगच: दोन बाजूंना पत्र्याच्या दोन लांब, जाड, बंद नळ्या, त्यांच्यावर सागाच्या फळ्या आणि मागे मधोमध लटकणारी मोटर. नळी आतून सलग नव्हती. प्रत्येक नळीत तीन खण, एकमेकांपासून बंद, प्रत्येकाला वरून आठ बोल्टांचं झाकण. एक खण फुटला तरी बाकीचे पाच तरंगत ठेवतात, ही त्यातली अक्कल.

ती अक्कल त्यांची स्वतःची. माणूस ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा, जन्म डोंग्यात गेलेला. पुढे एका धरणावर सरकारी मोटरबोट चालवायला लागला. ती बोट मोडीत निघाली तेव्हा हे निवृत्त होत होते. निरोपाला शाल-श्रीफळ नको म्हणाले, मोटर द्या म्हणाले. लिलावातून ती मोटर घेऊन बैलगाडीतून घरी आले. त्यांच्या बायकोला, जिला सगळं गाव नुसतंच बाई म्हणे, वाटलं शिलाई मशीन आणली. पुढची वीस वर्षं बाई हे सांगत राहिल्या. "मी हळदकुंकू घेऊन आली बाहेर, तर हे पंख्याचं टोंगळं!" टोंगळं म्हणजे इकडे गुडघा.

दरवर्षी मे महिन्यात, नदी आटून तिच्या मध्यभागी कुत्री झोपू लागली की, पलंग बांबूच्या गोलांवरून काठावर ओढला जाई. मग आठ दिवस घरात दुसरा विषय नाही. मिस्त्री बोलवायचा नाही, हा कायदा. एकदा चंद्रपुराहून एक मेकॅनिक कौतुकाने मोटर पाहायला आला, तर भाऊंनी त्याला आधी हात धुवायला लावले. तो चिडून म्हणाला, "काका, मी रोज दहा इंजिनं खोलतो." भाऊ म्हणाले, "म्हनूनच सांगून राह्यलो. त्या धाचा मळ इले नको."

मोटर स्त्रीलिंगी होती आणि तिच्याविषयी बोलताना आवाज खाली येई. प्लग काढून उन्हात धरायचा. टोक काळं असेल तर "जड खाल्लं इनं", तांबूस असेल तर "पचलं". खालच्या गिअरमधलं तेल वाटीत काढायचं. ते काळं निघालं तर ठीक, दुधाच्या चहासारखं निघालं तर आत पाणी शिरलं, म्हणजे सील बदला. पहिल्या वर्षी ही वाटी मी चहा समजून उचलली होती. बाईंनी माझा हात धरला नसता तर हे व्यक्तिचित्र तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून ऐकावं लागलं असतं.

आणि मोटरच्या पोटात एक रबराची फिरकी. नदीचं पाणी ओढून मोटर थंड ठेवायचं काम तिचं. वैनगंगेची रेती एका पावसाळ्यात तिची पाती खाऊन टाकी. ती दरवर्षी नवी. जुन्या फिरक्या भाऊ दोरीत ओवून ओसरीत टांगत. फिरकी बरोबर बसली की नाही हे ओळखायची खूण अशी की मोटर चालू झाल्यावर तिच्या मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुटली पाहिजे. धार नाही तर दोन मिनिटांत मोटर तापून जाम. ती धार सुटली की भाऊ दोन्ही हात वर करून अख्ख्या गावाला ऐकू जाईल असे ओरडत, "मुतलीऽऽ!" गावातून कोणीतरी परत ओरडे, "झालं एकदाचं!" माझी बायको लग्न होऊन नवीन आली तेव्हा हा पुकारा ऐकून तिने खिडकी लावून घेतली होती. तिसऱ्या वर्षी ती ओट्यावरून स्वतः विचारी, "काय भाऊ, अजून नाही?"

ही चाचणी पाण्याने भरलेल्या खोल ड्रममध्ये करायची: ड्रमच्या काठाला मोटर अडकवायची, तिचा पाय पाण्यात, आणि दोरी ओढायची. एका वर्षी भाऊंचा ड्रम तळातून सडलेला निघाला. गावात तेवढा खोल ड्रम दुसरा एकच होता, आणि तो त्या दिवशी त्यांच्याच पुतणीच्या लग्नाच्या मांडवात वऱ्हाडाच्या हातपाय धुण्यासाठी भरून ठेवलेला. माणसाने काय करावं? थांबावं. भाऊ मोटर खांद्यावर घेऊन मांडवात गेले.

"वरात याले टाइम आहे," ते म्हणाले. "दोन मिन्टाचं काम."

उपकेंद्राच्या सिस्टर तिथेच उभ्या होत्या. ह्या सिस्टरांबद्दल नंतर सांगतो. आत्ता एवढंच की त्यांच्या खांद्याला नेहमी एक पर्स असे आणि त्या दिवशी लग्नाची म्हणून मोठी होती. काहीतरी धरायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी ती पर्स समोर दिसलेल्या दांडीला अडकवली. ती दांडी गिअरची होती, आणि पर्सच्या वजनाने गिअर पडला. भाऊंनी दोरी ओढली. मोटर पहिल्याच हिसक्याला सुरू झाली, आणि ड्रम चालू लागला! खरंच सांगतो, चालू लागला. पाणी कारंज्यासारखं उडत होतं, निळा धूर, ड्रम हिसके देत मांडवाच्या खांबाकडे निघालेला आणि मागे भाऊ त्याला मिठी मारून. डीजेवाल्याने गाणं बंद केलं. नेमका तेव्हाच नवरदेव आला. वरपक्षाला वाटलं, स्वागताची ही इकडची पद्धत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

ड्रम आडवा झाला, मोटर बंद पडली आणि भिजलेल्या शांततेत सिस्टर म्हणाल्या, "भाऊ, माझी पर्स."

भाऊ चिखलात बसलेले. ते म्हणाले, "धार कोनी पाह्यली का?"

हे असं. ह्या माणसाला एकच गोष्ट हवी होती आणि एकाच गोष्टीची भीती होती. दरवर्षी मृगाच्या आत पलंग पाण्यात उतरला पाहिजे. "एक साल उतरला नाई का मंग कधीच नाई उतरत," ते म्हणत. "लोखंड नाई खराब होत मास्तर. मानसं होतेत. त्यायचे हात इसरतेत." म्हणून काम एकट्याने करायचं नाही. मोटर त्यांची, पण सहा खण सहा जणांना वाटून दिलेले. एक बाईंचा. एक सिस्टरांचा, त्या नदी रोज ओलांडत आणि बोल्ट पिळताना गावातल्या पुरुषांची नावं घेत. डाव्या नळीचा मागचा, मोटरीच्या अगदी हाताशी असलेला, माझा. बाकीचे तीन शेजाऱ्यांचे. गंज खरवडा, लाल रंग द्या, झाकणाचं रबर बदला, बोल्ट आवळा, आणि शेवटी सायकलच्या पंपाने खणात हवा भरून सांध्यावर साबणाचा फेस फासा. जिथे बुडबुडा फुगेल तिथे भोक.

आणि मग त्यांचा तो नियम. वर्षाच्या पहिल्या फेरीला ज्याने जो खण केला त्याने त्याच खणावर बसायचं. पाटलाने केला असेल तर पाटील बसेल. "ज्याचं काम, त्याच्या बुडाखाली," असं ते म्हणत, आणि त्यात विनोद करायचा त्यांचा काहीच इरादा नसे.

दुसऱ्या वर्षी फेस लावायच्या दिवशी मला मुख्याध्यापकांकडे आमरसाचं आमंत्रण होतं. बोल्ट आवळून झाले होते. रंग वाळला होता. मागच्या वर्षी माझ्या खणातून एक बुडबुडा आला नव्हता. मी पंप हातात घेतला, पुन्हा खाली ठेवला आणि पलीकडून आवाज दिला, "भाऊ, झालं हो!"

"फेस लावला?"

"लावला!"

"जा मंग. रस खा."

मी सहा वाट्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव काठावर. बाईंनी नारळ फोडला, आम्ही सहा जण आपापल्या जागी बसलो, पलंग निघाला. मी मागे डावीकडे, पाय पसरून, राजासारखा. नदी अर्धी झाली असेल. माझ्या चपलेला पाणी लागलं. मला वाटलं लाट. मग ते घोट्यापर्यंत आलं आणि समोरच्या नळीवर बसलेल्या सिस्टर मला हळूहळू उंच दिसू लागल्या.

"मास्तर, तुमी खाली जाऊन राह्यले का मी वर?" त्या म्हणाल्या.

मी भाऊंकडे पाहिलं. ते समोर पाहत होते. त्यांनी मोटर हळू केली, लांब वळण घेतलं आणि पलंग परत काठाकडे नेला. "कायले वळलो?" कोणीतरी विचारलं. भाऊ म्हणाले, "मास्तरनं सा वाट्या रस खाल्ला. वजन जास्त झालं." सगळे हसले. वर्षभर हसत होते.

दुपारी आम्ही दोघंच काठावर होतो. त्यांनी माझ्या खणाचं झाकण खोललं, मी बादलीने पाणी उपसलं. झाकणाचं रबर एका ठिकाणी दुमडलं होतं, बोटभर. मी बादली खाली ठेवली.

"भाऊ, मी फेस लावलाच नव्हता."

"मालूम होतं मले. साबनाची वडी कोरडी होती."

"मग मला बसू कशाला दिलं?"

"नियम आहे."

"आणि मी बुडलो असतो तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिलीच्या वर्गात आहे आणि पाढा चुकलो आहे. "पाच खन चांगले होते जी. अन् मी पोहनारा आहो ना. पोहनाऱ्याले कायले भेव? तुमाले भेव आहे, म्हनून तर खन देतो तुमाले." मग त्यांनी वडी पाण्यात बुडवून माझ्या हातात दिली.

त्या दिवसापासून मी कोणत्याही कामाला फेस लावल्याशिवाय झालं म्हणालो नाही. निदान त्या गावात असेपर्यंत.

पुढे पूल झाला. मोठा, रुंद, दिवे असलेला. नऊ महिन्यांच्या बायका आता जीपमधून थेट दवाखान्यात जातात आणि पुलाविरुद्ध एक शब्द बोलायची कोणाची छाती नाही. भाऊही कधी बोलले नाहीत. उद्घाटनाला ते नवं धोतर नेसून गेले होते. फक्त येताना पुलावरून आले नाहीत, खालून आले.

माझी बदली कोळशाच्या खाणींकडे, घुग्घुसला झाली. तिथे अंगणात वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी करडा होतो, आणि सकाळी उठल्यावर पहिला घोट चहाचा घ्यायचा की धुळीचा हे वारा ठरवतो. दर मे महिन्यात फोन येई. "मास्तर, नळ्या काठावर आल्या. कवा येता?" पहिली दोन वर्षं गेलो. मग निवडणुकीचं काम, मग मुलीची ॲडमिशन, मग प्रशिक्षण. दर खेपेला म्हणायचो, पुढच्या रविवारी नक्की. सिस्टर निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे गेल्या. शेजाऱ्यांना मोटरसायकली आल्या. पाच मिनिटांत पलीकडे पोचणाऱ्या माणसाला कोण लोखंड खरवडायला बोलावणार? बाईंचे गुडघे गेले, खाली बसता येईना. भाऊ सत्तरीच्या पुढे आणि उजवा खांदा धरलेला. तरी दरवर्षी मृगाच्या आत पलंग उतरत होता. कसा, ते मी विचारलं नाही.

ते गेले त्याला आता दोन हिवाळे झाले. पलंग काठावर उलटा आहे आणि बाई त्यावर मिरच्या वाळवतात. मी जे सांगणार आहे ते त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्याचं.

त्या वर्षी फोन वेगळा आला. "मास्तर, पाच खन झाले. सहावा तुमचा आहे. तो मी नाई करनार." मी म्हणालो, रविवारी येतो. गेलो नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग एका सकाळी बाईंचा फोन.

"मास्तर, नदी चढून राह्यली. हे तिथीच छत्री घेऊन बसले आहेत. तुमचा खन उघडा आहे. मी झाकन लावतो म्हनलं तर हात लावू देत नाई. तुमी येता का मी नदीले सांगू थांब म्हनून?"

पलंग ढकलायला माणसं उरली नव्हती. म्हणून भाऊंनी मे महिन्यातच ट्रॅक्टर लावून तो खाली, नदीच्या वाटेत आणून ठेवला होता. नदीच येऊन उचलणार होती. पण एक खण उघडा असताना नदी आली तर त्यात गाळ भरणार, कोपरा रेतीत रुतणार, आणि तो पलंग पुन्हा काढायला गाव जमणार नाही. हे मला मोटरसायकलवर बसताना कळत होतं. पावसात तीन तास कळत होतं. पुलावर आलो तेव्हा खाली काळी छत्री दिसली, ठिपक्याएवढी, आणि तिच्यापासून चार हातांवर पाणी.

मी धावतच खाली उतरलो. त्यांनी घड्याळ नसलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"आजचा रविवार का मास्तर?"

"गुरुवार आहे भाऊ."

"मंग लवकर आले."

एवढंच. रबर, आठ बोल्ट, पाना, सगळं एका फडक्यात बांधून त्यांनी मांडीवर धरलं होतं, कोरडं. मी रबर बसवलं, बोटाने चारही बाजूंनी चाचपलं, एकही दुमड नाही. बोल्ट आवळले. हवा भरली. साबण फासला आणि तिथे अडलो. पाऊस फेस धुऊन नेत होता, आणि जिथे पाण्याचा थेंब पडे तिथे बुडबुडा उठे. शेकडो बुडबुडे. त्यातला भोकाचा कोणता, कसं कळणार?

"भाऊ, बघता येत नाही."

"नाई येत," ते म्हणाले. "आता बसूनच पाहाचं."

पाणी नळ्यांखाली शिरलं. आम्ही दोघं फळ्यांवर चढून थांबलो. आधी काहीच नाही. मग एक करकर, एक हलकासा धक्का, आणि पलंगाने जमीन सोडली. भाऊंनी डोळे मिटले होते.

"दोरी वढा," ते म्हणाले.

मोटरीची दोरी त्यांच्याशिवाय कोणी कधी ओढली नव्हती. मी त्यांच्या खांद्याकडे पाहिलं आणि दोरी धरली. चौथ्या हिसक्याला ती सुरू झाली. मी उठून त्यांना जागा द्यायला लागलो, तर त्यांनी हातानेच मला खाली बसवलं.

"तुमचा खन तिथीच आहे. मोटर तुमच्या हाताशी. तुमीच चालवा."

"आणि तुम्ही?"

"माझे पाच आहेत," ते म्हणाले. "मले फिरा लागते."

तेव्हा मला कळलं की त्यांनी माझाच खण का ठेवला होता. बाकीची वर्षं ते कसे उतरले असतील तेही कळलं: एका हाताने मोटर, आणि बसायला पाच-सहा जागा, ज्यांवर मोटर सोडून बसता येत नाही.

मी मोटर धरली. ते गुडघ्यांवर, हात टेकत टेकत, पुढे सरकले. उजवीकडच्या मागच्या खणावर बसले. त्यांनी तळवा फळीवर ठेवला, शंभर मोजावेत इतका वेळ थांबले. उठले. मधल्यावर बसले. मग पलीकडे, माझ्या नळीच्या मधल्यावर, आणि मग तिच्याच पुढच्यावर. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. ते कामात होते. वर पुलावर दोन मोटरसायकलवाले थांबले होते, कठड्यावरून वाकून एक म्हातारा नदीच्या मधोमध जागा का बदलतो आहे हे पाहत. त्यातल्या एकाने हॉर्न वाजवला. भाऊंनी हात वर केला, बाजारात ओळखीच्या माणसाला करावा तसा.

शेवटचा खण पुढचा उजवा. त्यावर ते बसले आणि उठले नाहीत. माझ्या मांडीखालचा खण कोरडा होता. मी दोनदा वाकून पाहिलं होतं.

"भाऊ, कुठे घेऊ?"

"तिकडं काई काम नाई आपलं," त्यांनी पाठमोरंच सांगितलं. "तरी सरळ घ्या."

त्यांनी छत्री मिटून बाजूला ठेवली आणि पाय पाण्यात सोडले. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला पलंगावर नुसता बसलेला पाहिला नव्हता. पाठ थोडी वाकलेली, धोतर भिजून अंगाला चिकटलेलं, आणि पायाखालून गढूळ पाणी चाललेलं. पलीकडचा काठ जवळ येत होता. मी मोटर हळू केली. जितकी हळू होत होती तितकी.